खिशातला लाल टाका

ऑक्टोबर संपला की काकांची जेवायची वेळ एक तासाने पुढे जायची. बाकी सगळा गाळा एक वाजता डबे उघडायचा. काका उन्हाळ्यात दीडला बसायचे आणि थंडीत अडीचला. नवीन आलेल्या कोणी कारण विचारलं तर ते डावं मनगट पुढे करायचे. त्यावर दोन घड्याळं असत, एक आपल्या वेळेचं आणि एक विलायतेच्या.

"थंडीत तिकडे घड्याळ मागे घेतात. आत्ता त्यांचे नऊ वाजले, भोंगा झाला. ते कामाला बसले, आता मी जेवायला उठतो. दोघं एकदम उठलो तर कोटाकडे बघणार कोण?"

हे ते थट्टेने बोलत नसत.

अंधेरीच्या एमआयडीसीत, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. एका इंग्रज कंपनीचे कोट आम्ही शिवायचो. कंपनीचं नाव मोठं आहे, इथे ते लिहीत नाही. काका फायनल चेकर होते. कोट शिवून, इस्त्री होऊन आला की त्यावर शेवटचा हात त्यांचा. त्यांनी पास म्हटलं की कोट खोक्यात जायचा. मी मर्चंडायझर होतो. विलायतेहून येणारे फॅक्स वाचायचे, त्यांना उत्तरं लिहायची आणि तिकडच्या माणसांना काय हवंय ते इकडच्यांना समजावून सांगायचं, हे माझं काम. म्हणजे मी दुभाष्याच होतो. पुढे जे घडलं ते माझ्या या कामामुळेच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. गाळ्यात त्यांना विलायतकाका म्हणत, तोंडावर नुसतं काका.

काका कोट हातात घेतला की आधी उलटा करत. बाहेरची बाजू शेवटी. डोळे मिटून अंगठा आतल्या शिवणीवरून फिरवत आणि मध्येच थांबून म्हणत, "हय आसा." तिथे हमखास सुटलेला टाका असायचा. "उलटं कर, मग बोल" हे त्यांचं वाक्य होतं आणि ते सगळ्याला लागू होतं. पगारवाढीचं पत्र आलं तरी आधी मागची बाजू बघायचे. माझ्या साखरपुड्याला आले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांना नमस्कार करता करता त्यांनी त्यांच्या ब्लेझरची खालची कड उलटून पाहिली आणि म्हणाले, "अस्तर खेचलंय. बाकी माणूस बरा वाटतो." सासरे अजून त्यावरून मला बोलतात.

पावसाळ्यात काका रेनकोट घालत नसत, छत्रीही घेत नसत. विक्रोळीहून बसने यायचे आणि निथळत जिना चढायचे.

"काका, एवढे कोट आपण शिवतो आणि तुम्ही असे?"

"खरा कोट हातात घेतलेल्याने प्लास्टिक अंगावर घ्यायचं? त्यापेक्षा भिजलेला बरा."

चार महिने त्यांच्या टेबलाजवळ ओल्या कापडाचा वास यायचा आणि ते शिंकत असायचे. शिंक आली की आधी कोट बाजूला, मग शिंक.

त्या कंपनीच्या इतिहासाचं वेड त्यांना एका छोट्या पुस्तिकेने लावलं. प्रत्येक कोटाच्या खिशात ती घालून जायची. आठ पानं, जाड कागद, जुने फोटो. काकांना इंग्रजी अक्षरं लावता यायची, वाक्य लागायचं नाही. एका दुपारी दीड वाजता त्यांनी डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला, शेजारी पुस्तिका ठेवली आणि म्हणाले, "वाच."

मी वाचलं. थंड समुद्राच्या काठावर एक माणूस होता. मासेमारी करणाऱ्यांसाठी आणि गोदीतल्या हमालांसाठी तो कापडाला तेल आणि मेण पाजून कोट शिवायचा. पुढे लढाई आली तेव्हा सैनिकांनी ते कोट घातले. मग मोटारसायकलवाल्यांनी, मग शिकारीला जाणाऱ्या जमीनदारांनी. शेवटी राजघराण्याने. कोट फाटला तर लोक तो अजूनही कंपनीकडे दुरुस्तीला पाठवतात, टाकून देत नाहीत.

काकांचा घास हातातच राहिला होता.

"म्हणजे आधी मासे मारणाऱ्यांचा. मग शिपायाचा. मग राजाचा. कोट तोच, फक्त आतला माणूस बदलला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या आजोबाकडे इरलं होतं. पानांचं. पावसात नांगर धरायला. ह्याने तेल पाजलं, आमच्यांनी पानं विणली. फरक काय? ह्याने दुकान काढलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा माझ्या टेबलावर. "वाच."

"काका, संपलं की. आठच पानं आहेत."

त्यांचा चेहरा असा पडला की मी पटकन बोलून गेलो, "पण मोठं पुस्तक आहे साहेबांच्या केबिनमध्ये. कंपनीने विलायतेहून पाठवलेलं. मी वाचून ठेवतो आणि तुम्हाला सांगतो."

असं कुठलंही पुस्तक नव्हतं.

मी तेव्हा पंचवीसचा होतो. त्यांना फसवावं असं मनात नव्हतं, एवढं मी खरं सांगू शकतो. पण रोज दुपारी एक माणूस घास हातात धरून माझ्याकडे बघतोय, हे मला आवडायला लागलं. वादळात सापडलेली होडी मी रचली. कोटात हवा भरून तरंगलेला नावाडी रचला. आणि एक दिवस, काही सुचेना म्हणून, एक म्हातारा चेकर रचला.

मी सांगितलं की त्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून एक पद्धत आहे. चेकरला एखादा कोट मनापासून पसंत पडला तर तो खिशाच्या तळाशी, आतून, लाल दोऱ्याचा एकच टाका घालतो. कोणाला दिसत नाही, कोणी विचारत नाही. चाळीस वर्षांनी तो कोट दुरुस्तीला आला की पहिल्यांदा खिसा उलटतात. लाल टाका निघाला तर त्या कोटाला कधीच नाही म्हणत नाहीत. आता ही पद्धत फक्त एका म्हाताऱ्याला येते. तो अजून कामावर आहे. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत.

काकांनी डबा झाकला. "नाव काय त्याचं?"

मला नाव सुचलं नाही. "नाव नाही लिहिलेलं."

"नसणारच," काका म्हणाले. "चेकरचं नाव कोण लिहितो."

त्या दिवसापासून त्यांना होडी नको होती, राजा नको होता. ते रोज त्याच्याबद्दलच विचारायचे. मी म्हणायचो, फॅक्समध्ये येतं कधीतरी काही. मग सांगायचो, त्याचा गुडघा दुखतोय. त्याने काल सबंध लॉट परत पाठवला. त्याच्या बायकोला बरं नाही. काका ऐकून म्हणायचे, "लॉट परत पाठवला? बरोबर केलं." बायको आजारी असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चार दिवस मला रोज विचारलं, "बरी आहे का ती?" पाचव्या दिवशी मी तिला बरी केली.

लाल टाका ते स्वतः घालतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गारमेंटच्या धंद्यात सुईचा नियम फार कडक असतो. एक सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवायचे, तेव्हा नवी सुई मिळते. कोटात सुईचं टोक राहिलं आणि कोणाला टोचलं तर संपलंच. बाहेरची सुई गाळ्यात आणणं म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. काकांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ते शर्टाच्या आत, बनियनला टोचून, घरून सुई आणत होते.

माल निघायच्या आदल्या दिवशी कंपनीचा इंग्रज इन्स्पेक्टर तपासणीला आला. शांत माणूस. त्याने खोक्यातून एक कोट काढला, खिसा बाहेर ओढला आणि बराच वेळ बघत राहिला. दुसरा काढला, त्यात काही नव्हतं. तिसऱ्यात पुन्हा लाल टाका. त्याने मला विचारलं, हा हाताचा टाका आहे, तुमच्या मजल्यावर हाताची सुई कुठून आली?

मला कळलं.

मॅनेजर ओरडायला लागला. "कोणी केलंय हे? कोणाची सुई? वाट लागली सगळ्या लॉटची!" काका आपणहून पुढे आले. ते घाबरले नव्हते. उलट थोडे लाजल्यासारखे हसत होते. आपली माणसं भेटल्यावर माणूस हसतो तसे. त्यांनी बनियनची सुई काढून टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "सांग साहेबांना. म्हणावं, ही तुमच्याच कारखान्याची खूण आहे. जे कोट मनापासून पसंत पडले त्यालाच घातली. आणि तुमचा तो म्हातारा, बोटं नसलेला, त्याला आमचा नमस्कार सांगा."

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत होता. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी खरं सांगितलं असतं तर नोकरी माझी गेली असती.

मी इंग्रजीत म्हणालो, "हे माफी मागताहेत. यांना नियम माहीत नव्हता."

इन्स्पेक्टरने मान हलवली.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"म्हणाले," मी अडखळलो, "म्हणाले, ती पद्धत आता बंद झाली."

काकांचं हसू गेलं. "बंद झाली? आणि म्हाताऱ्याचं काय केलं?"

सगळी खोकी पुन्हा उघडून एकेक कोट तपासायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी काकांना घरी पाठवलं. जाताना माझ्या टेबलापाशी थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "फॅक्स आला तर कळवशील ना?"

त्यानंतर त्यांना कुठल्या गाळ्याने चेकर म्हणून घेतलं नाही. सुई बाळगणारा चेकर ही बातमी एमआयडीसीभर झाली होती. ते विक्रोळीत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायला लागले. मला नंतर बढती मिळाली. पुढे नोकऱ्या बदलल्या, मुलुंडला घर झालं. काका दर दिवाळीला फोन करतात. स्क्रीनवर 'काका विक्रोळी' आलं की मी फोन नुसता हातात धरून बसतो. बायको म्हणते, "अरे उचल ना, एवढं काय?" तिला मी कधी काही सांगितलं नाही. मी उचलतो, तब्येत विचारतो. शेवटी ते विचारतातच, "काही खबर?" मी म्हणतो, "नाही काका."

या वर्षी फोन दिवाळीच्या आधीच आला.

"अरे, त्यांचं दुकान उघडलंय आपल्याकडे! हायवेच्या त्या मोठ्या मॉलमध्ये. पेपरात फोटो आहे. रविवारी जाऊया."

"कशाला काका?"

"कशाला म्हणजे? म्हाताऱ्याची खबर काढायला. रिटायर झाला असेल, पण कोणाला तरी माहीत असेलच. लाल टाका घातलेला खिशाचा एक तुकडा मी ठेवलाय, तो दाखवतो. तू चल बरोबर. तुझं इंग्रजी चांगलं."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मग मला बसवेना. त्या चकचकीत दुकानात, कोऱ्या शर्टातल्या पोरांसमोर काका तो तुकडा पुढे करणार. ती पोरं एकमेकांकडे बघणार. आणि सांगायचं काम पुन्हा माझ्याकडे.

शनिवारी मी एकटाच जाऊन आलो. दुकानात एका अख्ख्या भिंतीवर कंपनीचा इतिहास लावला होता. समुद्र, गोदी, सैनिक, मोटारसायकल. मी सगळं वाचलं, दोनदा वाचलं. नंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. टांगलेल्या एका कोटाच्या खिशात हात घातला आणि तळ बाहेर ओढून बघितला. जी गोष्ट मी स्वतः रचली होती, तीच शोधत होतो.

"सर, काही मदत करू?" एक पोरगी म्हणाली.

"नाही," म्हणालो आणि निघालो. काहीच न बोलता काकांना दुकानात न्यावं आणि तिथे पुन्हा काहीतरी भलतंच भाषांतर करावं, हाही विचार रात्री मनात आला. तो आला म्हणूनच सकाळी नऊ वाजता त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

काका तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, मनगटावर दोन घड्याळं. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत तो खिशाचा तुकडा. काकू स्वयंपाकघरात होत्या. त्या आतून म्हणाल्या, "इलास? बसा हां. ह्यांनी पाच वाजल्यापासून मला झोपू दिलं नाही."

"चल, निघू," काका म्हणाले.

"काका, आधी बसा. मला काही सांगायचंय."

"वाटेत सांग."

"वाटेत नाही सांगता येणार."

मग मी सांगितलं. मोठं पुस्तक नव्हतं. फॅक्समध्ये कधी काही आलं नाही. लाल टाक्याची पद्धत त्या कंपनीत कधी नव्हती, ती मी रचली. त्या दिवशी इन्स्पेक्टर काहीच म्हणाला नाही, पद्धत बंद झाल्याचंही मीच बोललो. हे सगळं बोलताना मी खाली फरशीकडे बघत होतो.

काकांनी आधी साहेबाचं विचारलं.

"मग तू साहेबाला काय सांगितलंस? मी जे बोललो ते?"

"नाही. तुम्ही माफी मागताय असं सांगितलं."

"माझ्या नावावर माफी?"

"हो काका."

त्यांनी मान हलवली. ते रागावतील, मला घराबाहेर काढतील अशी माझी तयारी होती. खरं म्हणजे त्यांनी तसं करावं म्हणूनच मी गेलो होतो. पण त्यांनी पिशवीतून तुकडा काढला, उलटा केला, अंगठा त्या टाक्यावर ठेवला आणि वेगळंच विचारलं.

"म्हणजे तो नव्हताच?"

"कोण?"

"तो. बोटं नसलेला."

मी नव्हता म्हणून मान हलवली.

"गुडघा दुखायचा तो? बायकोचं आजारपण?"

"ते पण मीच, काका."

"पण मी रोज जेवायच्या आधी त्याला..." एवढं बोलून ते थांबले. डावं मनगट त्यांनी उजव्या हाताने झाकून घेतलं. गेटवर बसायला लागल्यापासूनही ते दीडला आणि अडीचलाच जेवत होते, हे मला माहीत होतं. नोकरी गेली तेव्हा तो माणूस त्यांच्याजवळ राहिला होता. मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला आलो आणि तोही काढून घेतला.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी कप तसेच खाली ठेवले. "काय झाला?"

"काय नाय," काका म्हणाले. "एक माणूस गेलो."

"कोण?"

"तो. विलायतेतलो."

"तुमचो तो?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "दोन बोटां नसलेलो? अरे देवा. कधी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आत्ताच कळला. ह्यानेच सांगितलं."

"वय पण झालेला असताला हो," काकू खाली बसत म्हणाल्या. "बायको अगोदरच गेली काय त्याची?"

"नाय. ती बरी झालेली."

मी ओरडून सांगायला हवं होतं की असा कोणी नव्हता. पण आता सांगायचं कोणाला? काका उठले. शर्टाची बटणं एकेक करून काढली, शर्ट खुंटीला लावला. दोन्ही घड्याळं सोडून टेबलावर ठेवली. दोरीवरचा पंचा खांद्यावर टाकला.

"अहो, बाहेर जायचं होतं ना तुम्हाला?"

"आता खय जातलंय? आंघोळ करतंय."

"त्याची तुम्हाला कशी लागणार आंघोळ? ना भावकीतलो, ना गावचो."

"चेकिंग खात्यातलो होतो," काका म्हणाले. "लांबचो. आंघोळ पुरे."

न्हाणीचं दार लागलं. पाणी ओतल्याचा आवाज यायला लागला. मध्येच थांबायचा, मग पुन्हा यायचा. बसावं की उठावं मला कळेना. चहावर साय धरत होती.

काकूंनी डोळे पुसले. "तुम्ही पण ओळखत होतात त्याला?"

"हो," मी म्हणालो. "ओळखत होतो."

"मग तुम्ही पण घरी गेल्यावर आधी आंघोळ करा हां," त्या म्हणाल्या. "तोवर कोणाला शिवू नका."